जुन्या गाड्यांसाठी वेगळं पेट्रोल ठेवा

महोदय,
कराडला माझं गॅरेज आहे आणि गावाकडे थोडा ऊस. त्यामुळे उसापासून बनणाऱ्या आणि पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. डिस्टिलरी चालली की कारखान्याच्या हातात पैसा खेळतो. पण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं मिश्रण आल्यापासून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या उघडल्या की फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठतं तो कप्पा) पाणी, चिकट गाळ आणि नळ्यांचं रबर फुगलेलं दिसतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. शिवाय लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. मायलेज घसरणारच, मग दर तोच का?

सीएनजी परवडतो, पण सिलिंडर डिकी खातो आणि पंपावर रांग. रोजच्या कराड-मलकापूर फेऱ्यांना मला इलेक्ट्रिकच उजवी वाटते. आडसाली उसाला दीड वर्ष पाणी पाजायचं, गाळायचं, आंबवायचं आणि शेवटी इंजिनात बरीचशी उष्णता वाया घालवायची, त्यापेक्षा वीज थेट मोटारीला दिलेली बरी. (भारनियमनाचं मात्र विचारू नका!) लांब पल्ल्याला अजून पेट्रोलच.

तोवर प्रत्येक पंपावर जुन्या गाड्यांसाठी १० टक्के मिश्रणाचं पेट्रोल ठेवावं आणि २० टक्क्यांचा दर ऊर्जेच्या हिशेबाने उतरवावा.

— एक गॅरेजवाला, कराड