कोणाचा सेल आधी संपतो, तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरभर आणि नदीकाठी सेलवर चालणारे बिनतारी सेन्सर बसवण्यावरचा कालचा लेख दोनदा वाचला. ‘एकदा सेल घातला की दहा वर्षे बघायला नको’ या वाक्यापाशी राहवेना, म्हणून लिहितो आहे. आमच्या सोसायटीत पाण्याचे मीटर बसवणाऱ्या ठेकेदारानेही हेच ऐकवलं होतं. माझ्या मीटरचा सेल सात महिन्यांत संपला.

आमचे 48 फ्लॅट, प्रत्येक मीटरवर बिनतारी डबा. मागच्या विंगमधला डबा थेट गेटवेपर्यंत, म्हणजे सगळी रीडिंग गोळा करणाऱ्या मुख्य यंत्रापर्यंत, पोचत नाही, मध्ये लिफ्टच्या काँक्रीटच्या भिंती आहेत. मग तो आपलं रीडिंग शेजारच्या डब्याला देतो, तो पुढच्याला. गेटवे वॉचमनच्या केबिनवर, माझ्या खिडकीपासून दहा पावलांवर. त्यामुळे मागच्या 24 घरांचं सगळं रीडिंग माझ्या डब्यातून जातं. आणि सेल पाणी मोजण्यात संपत नाही, तो संपतो रेडिओ चालवण्यात.

माझा सेल गेला त्या महिन्यात मागच्या विंगला सरासरीने बिलं आली. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला ऐकून घ्यावं लागलं, वर सेलचे पैसेही मीच भरले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “काका, तुमचा पीसच खराब आहे.” नवा पीस बसवला, तो नऊ महिने चालला. दोन्ही तारखा मी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवल्या आहेत, कोणीही येऊन बघावं.

माझी भाची हेच शिकते. ती म्हणाली, मामा, हा फार जुना प्रश्न आहे. गेटवेजवळच्या डब्यावर सगळ्यांचा भार पडतो आणि तोच आधी मरतो. डब्यांचे गट करून गटप्रमुखाचं काम आळीपाळीने फिरवायची ‘लीच’ ही पद्धत एमआयटीतल्या वेंडी हाइन्झेलमन आणि सहकाऱ्यांनी 2000 सालीच मांडली. 2012 मध्ये ‘आरपीएल’ हे डब्यांतल्या संदेशांची वाट ठरवण्याच्या नियमांचं स्टँडर्ड आलं, त्यात वाट निवडताना सेलमध्ये किती जीव उरला आहे हेही धरता येतं. मग हे ठेकेदाराला कोणी विचारायचं?

सोसायटीत चुकलं तर बिल चुकतं. नदीकाठी चुकलं तर काय होईल? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. काठावरचे खालचे डबे आधी बुडणार, आणि पाण्याखालून त्यांचा संदेश बाहेर येत नाही. मधला डबा गेला की मागच्याला टप्प्यात दुसरा शेजारी हवा, नाहीतर मागची सगळी रांग गप्प. कोणत्या डब्याचं रीडिंग कुठून जाणार याचा नकाशा लेखात असायला हवा होता. गेटवेजवळचे सेल कोण बदलणार, कोणाच्या पैशाने, हेही विचारायला हवं होतं.

आणखी एक. 2019 ला पाणी चढत असताना तुमच्या अंकात पातळीचा आकडा यायचा, पण वेळ नसायची. माझी बहीण सांगलीवाडीत राहते. तो आकडा रात्री दहाचा की पहाटे चारचा, हे तिला कळेना. शेवटी मेहुणे अंधारात पुलापाशी जाऊन पट्टी बघून आले, तेव्हा कुठे सामान माळ्यावर चढवायला घेतलं. येत्या पावसाळ्यात आकड्याशेजारी वेळ छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली