जपानच्या यादीत ओकायामा का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जपान ट्रिपमधे काय काय बघायचं त्याची यादी देणारा लेख आला होता, छानच होता, पण ओसाकाहून हिरोशिमाला जायचा दिवस त्यात नुसता 'प्रवास आणि आराम' लिहून उरकलाय ते काही पटलं नाही. अहो बुलेट ट्रेनचा दीडेक तासाचा प्रवास तो, त्यात आराम कसला करायचा? आम्ही घरचेच लोक गेलो होतो आणि सगळ्या ट्रिपमधे तोच दिवस भारी गेला, कारण आम्ही मधे दोनदा उतरलो.

आधी हिमेजी. स्टेशनबाहेर आलं की रस्त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला दिसतोच, बॅगा कॉइन लॉकरमधे टाकायच्या आणि चालत सुटायचं. १६०९ मधे बांधून झालेला लाकडी किल्ला, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गाव जळालं पण हा वाचला. आत बूट पिशवीत घालून हातात धरायचे आणि शिडीसारखे खडे जिने चढायचे, गुडघेदुखीवाल्यांनी सरळ खालूनच फोटो काढावेत. परत येताना स्टेशनात उभ्याउभ्या एकिसोबा खाल्ला, पिवळ्या चायनीज नूडल्स आणि जपानी पद्धतीचं सूप, १९४९ पासून मिळतो म्हणे, पाच मिनिटांत वाडगा रिकामा.

तिथून वीसेक मिनिटांवर ओकायामा, आणि पुणेकरांनी तरी हे स्टेशन सोडू नये. आपल्या सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग ज्या बागेवरून केलीय ती कोराकुएन इथली! १७०० साली पूर्ण झाली. ट्रामने शिरोशिता स्टॉपला उतरलं की थोडं चालायचं. तेच तळं, तेच पूल, तेच हिरवळीचे उंचवटे, फक्त सगळं कितीतरी ऐसपैस, मधेच चहाचे मळे, चक्क भाताची खाचरं, आणि नदीपलीकडे काळा किल्ला (तो १९४५ ला जळला, आताचा १९६६ चा काँक्रीटचा आहे, पण लांबून झकास दिसतो). मजा म्हणजे ही बाग करणारा इथला सरदार इकेदा त्सुनामासा आणि सकाळी बघितलेला हिमेजीचा किल्ला एवढा मोठा करणारा इकेदा तेरुमासा एकाच घराण्यातले, पणतू-पणजोबा. म्हणजे एका दिवसात एका खानदानाच्या चार पिढ्या होतात.

मधल्या पिढीतला मित्सुमासा, त्सुनामासाचा बाप, तो काटकसरीचा. लोकांनी जेवताना एक सूप आणि एकच पदार्थ खावा असा त्याने हुकूम काढला, तर लोकांनी मासे, भाज्या सगळं भातातच घालून 'एकच पदार्थ' केला असं सांगतात, तीच इथली बाराझुशी. स्टेशनवर ती गुलाबी पीचच्या आकाराच्या डब्यात मिळते, गाडीत बसून खायला एक नंबर, कोळंबी, मासा, अंड्याच्या पिवळ्या पट्ट्या, खाली आंबटगोड भात. बाप असा काटकसरी आणि मुलगा एवढी बाग करतो हे मात्र आपल्याकडच्यासारखंच झालं.

शाकाहारी लोकांचे हाल होतात हे खरं, आमच्या सौ. शाकाहारी आहेत. नुसती भाजी दिसली तरी सूपमधे माशाचा अर्क असतोच, म्हणून त्यांनी आंबट प्लम भरलेले भाताचे त्रिकोण आणि ओकायामाची मस्कत द्राक्षं खाऊन दिवस काढला, द्राक्षं महाग पण तक्रार नव्हती. हिरोशिमाला रात्री ओकोनोमियाकी खाल्ली, कोबीचा डोंगर, नूडल्स, अंडं, तव्यावर समोरच करतात, पोर्क नको असेल तर आधीच सांगायचं.

ओसाका ते हिरोशिमा चालणारा पाच दिवसांचा रेल्वे पास मिळतो, त्यात वाटेत कितीही वेळा उतरता येतं. पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा एवढं जरूर घाला, आणि हेही लिहा की थंडीत कोराकुएन ५ वाजता बंद होते, त्यामुळे हिमेजीतून दुपारी लवकर निघायचं.

आपला,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे