सेव्हर्नकाठच्या त्या दोघांचे आभार

इंग्लंडमध्ये आयर्नब्रिजला सेव्हर्न नदीकाठी बेडलमच्या जुन्या झोतभट्ट्या जपून ठेवल्या आहेत. १७५०च्या दशकात त्या उभारल्या, त्याच मुळी लाकडी कोळशाऐवजी कोकवर, म्हणजे भाजून घेतलेल्या दगडी कोळशावर, लोखंड गाळण्यासाठी. धातुशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या बाबांना त्या पाहायच्याच होत्या. भात्याची हवा कुठून आत जायची, हे आईला समजावता समजावता ते एकदम पांढरेफटक पडले आणि खाली बसले.

रस्त्याने जाणाऱ्या एका बाई धावत आल्या. त्यांनी बाबांना आडवं केलं, पाय आपल्या पिशवीवर उंच ठेवले, नाडी पाहिली. सोबतच्या गृहस्थांनी रुग्णवाहिका बोलावली आणि ती दिसावी म्हणून वळणावर जाऊन उभे राहिले, भर पावसात! आईला इंग्रजी येत नाही. त्या बाईंनी तिच्या खांद्यावर स्वतःचा कोट घातला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिचा हात सोडला नाही. आईला त्याचीच सगळ्यात जास्त आठवण येते.

रक्तदाब उतरला होता, एवढंच निघालं. बाबा आता ठणठणीत आहेत. तुमची नावं आम्हाला कळली नाहीत, पण तुम्हा दोघांचे आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.