पेढीकाठच्या काकाजींना

काकाजी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइल वापरत नाही, त्यामुळे हे पत्र तुमचा नातूच तुम्हाला वाचून दाखवेल. जाहीर लिहितो, कारण गावानंही वाचायला पाहिजे. आपली पेढी नदी साफ केली म्हणून ग्रामसभेत आम्हा पोरांना शाल-नारळ मिळालं. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. तुम्ही मागं बसून तंबाखू मळत होता.

होळी झाली, पेढीचं पाणी उतरलं, तसे आम्ही टिकास, सब्बल, घमेली घेऊन काठावर जमलो. जेसीबीही सांगून ठेवला होता. दोन्ही काठ खरवडून नदी कालव्यासारखी सरळ करायची, असं बऱ्याच जणांच्या मनात होतं. तेवढ्यात तुम्ही आलात. "पोट्टेहो, आधी माह्यासंगं चला, मंग काय उपटाचं ते उपटा," म्हणालात आणि खांद्यावर जाळं टाकून चालू लागलात.

त्या फेरीत तुम्ही जे दाखवलं, ते आमच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. काठाचं लव्हाळं कचरा नाही. पावसाळ्यात मरळ मासळी त्याच्याच आडोशाला अंडी घालते. त्याच्या मुळ्या गेल्या की आपली काळी माती पहिल्या पुरातच खचते. डोहाला मशीन लावू द्यायला तर तुम्ही साफ नकार दिलात. आपला पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी गुरंही तोंडात धरत नाहीत. अशा गावात उन्हाळ्यात डोहात जे गोडं पाणी टिकतं, त्याचं मोल तुमच्याइतकं कुणाला कळणार? जेसीबीवाल्याला परत पाठवताना एक-दोघांची तोंडं वाकडी झाली, पण तुमच्या वयापुढं कुणी बोललं नाही.

उपटायचं होतं ते बेशरमाचं झुडूप. ते कसं काढायचं, हेही तुम्हीच सांगितलं. माती ओली आहे तोवर मुळासकट काढायचं आणि काठावर न टाकता लांब, कोरड्या बरडावर नेऊन वाळवायचं. ओल्या मातीत पडलेलं कांडंही पुन्हा मूळ धरतं. मागं एकदा ग्रामपंचायतीनं ते नुसतं छाटून काठावरच टाकलं होतं. पावसाळ्यानंतर दुप्पट झालं, ते गावानं पाहिलंच आहे.

आणि फवारणीच्या त्या रिकाम्या बाटल्या! निर्माल्य, गाद्या, गुटख्याच्या पुड्या निघणार हे माहीत होतं. कपाशीच्या वावरातून वाहत आलेल्या बाटल्या इतक्या असतील असं वाटलं नव्हतं. लहान पोरं त्या गोळा करायला धावली, तेव्हा तुम्ही केवढ्यानं ओरडलात! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते तुम्ही विसरला नव्हता. पोरांना बाजूला बसवून, हातमोजे घालून मोठ्यांनीच त्या उचलल्या. एका आईनं तुम्हाला खास नमस्कार सांगितला आहे.

गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच पेढीकाठी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ ला. दरवर्षी त्या दिवशी कोरा खराटा हातात धरून फोटो काढणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. तुमचा फोटो आमच्यापैकी एकाकडंही निघाला नाही. शोध शोध शोधला.

शाल तुम्ही घेणार नाही, हे तुमच्या सूनबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. म्हणून वर्गणी करून जाळ्यासाठी नवा दोरा आणलाय, तो नातवाच्या हाती पाठवतो. नाही म्हणू नका. पुढच्या होळीनंतर स्मशानघाटाकडचा भाग काढायचा आहे. तिथं बेशरम जास्त आहे आणि लव्हाळं कुठवर ठेवायचं हे आम्हाला अजून नीट ओळखू येत नाही. घमेलं उचलायचं नाही, बाभळीखाली खुर्ची टाकून देतो. बिनसाखरेचा चहाही येईल. फक्त या.

तुमचा,
पेढीकाठचा एक पोट्टा