विषय: फोर-के स्क्रीनच्या लॅपटॉपबाबत दिलेली चुकीची माहिती व बदलून देण्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

महोदय,

मी पुण्यात पुस्तकांची पानं लावतो. जूनमध्ये तुमच्या शोरूममधून 15.6 इंची लॅपटॉप घेतला. साधी 1920×1080 पिक्सेलची (म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची) स्क्रीन सोडून 3840×2160 ची, म्हणजे फोर-के घेतली आणि तेवढ्यासाठी 22,000 रुपये जास्त मोजले.

चांगलं ते आधी सांगतो. अक्षर सुरेख दिसतं. जुन्या लॅपटॉपवर दहा पॉइंटात 'उद्घाटन'चं 'उद्धाटन' झालंय का, हे पाहायला दर वेळी पान मोठं करावं लागे. आता नुसत्या नजरेला कळतं. आमच्या धंद्यात ही लहान गोष्ट नाही.

पण तुमच्या सेल्समननं "स्क्रीनवर दुप्पट मजकूर मावेल" असं सांगितलं होतं. विंडोजमध्ये अक्षरं-बटणांचा आकार (स्केलिंग) 100 टक्क्यांवर ठेवला तर मेनूतली अक्षरं मुंगीएवढी होतात. वाचता यावं म्हणून 200 टक्के केला, की जागा उरते बरोबर 1920×1080 इतकीच. समोरासमोरची दोन पानं पूर्वी जेवढी दिसत, तेवढीच आजही दिसतात. माझं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर तर एकतर धूसर दिसतं किंवा त्याची बटणं सापडत नाहीत. सॉफ्टवेअर जुनं आहे, तो दोष तुमचा नाही. पण मी मुद्दाम विचारलं होतं आणि "सगळं चालतं हो" असं उत्तर मिळालं होतं.

खरी तक्रार बॅटरीची. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत 11 तास लिहिलंय. मला साडेपाचच्या वर कधी मिळाले नाहीत. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं, की पिक्सेल चौपट, त्यामुळे ग्राफिक्सला काम जास्त; शिवाय पिक्सेल बारीक झाले की त्यांतून उजेड कमी बाहेर येतो, म्हणून मागचा दिवा जास्त पेटवावा लागतो. मग त्यानंच तळटीप दाखवली: 11 तास हे 1920×1080 च्या मॉडेलवर मोजलेले आहेत. ती तळटीप वाचायला मात्र फोर-के स्क्रीनच हवी!

परवा पुन्हा शोरूममध्ये गेलो. तिथे 2560×1440 ची स्क्रीन होती, साध्यापेक्षा 9,000 रुपयांनी महाग. माझीच फाइल तिच्यावर उघडली. इंचाला 141 पिक्सेल असलेल्या साध्या स्क्रीनवर जोडाक्षरं गिचमिड होतात, हे खरंच. पण या मधल्या स्क्रीनच्या 188 वर 'उद्घाटन' स्वच्छ दिसलं. दीड-दोन फुटांवरून बसून फोर-केच्या 282 चा फायदा माझ्या पन्नाशीच्या डोळ्यांना काही जाणवला नाही. खरेदीच्या दिवशी हा पर्याय मला कोणी दाखवलाच नाही.

माझा लॅपटॉप त्या मधल्या मॉडेलशी बदलून द्यावा आणि फरकाचे 13,000 रुपये परत करावेत. तसंच माहितीपत्रकात प्रत्येक स्क्रीनपुढे तिचे बॅटरीचे तास वेगळे छापावेत. 15 दिवसांत उत्तर न आल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करेन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, माहितीपत्रकाच्या तळटिपेचा फोटो, विंडोजनं काढलेला बॅटरीचा अहवाल.