बर्फाचा तुकडा एक मिनिट मुठीत धरून बघ

प्रिय मनू,

परवा रात्री साडेबाराला तुझा मेसेज आला, "तू कसं सहन केलंस गं, खरं सांग", आणि मी "होतं सगळं नीट, झोप आता" एवढं टाकून मोकळी झाले. सकाळी माझाच मला राग आला. सातव्या महिन्यात मलाही सगळ्यांनी हेच ऐकवलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. म्हणून आता बाळ झोपलंय तोवर बाळंतपणाबद्दल खरं खरं लिहिते, लांबेल, जमेल तसं वाच.

आधी कबूल करते, मीही घाबरले होते, चांगलीच. दुखण्याची भीती होतीच पण त्याहून जास्त भीती होती की तिथे माझं काय चाललंय हेच मला कळणार नाही, कोणीतरी येऊन काहीतरी करून जाईल आणि मी नुसती पडून असेन. त्यात पोट दिसायला लागलं की प्रत्येकीला आपली डिलिव्हरी सांगायची असते, आणि ज्यांची सुरळीत झाली त्या दोन वाक्यांत संपवतात, तासभर सांगतात त्या ज्यांचं काहीतरी बिनसलं होतं त्याच. मग रात्री मोबाईलवर व्हिडिओ. तुझंही तेच चाललंय, मला माहितीये.

त्या गर्भवतींच्या क्लासला मी खरंतर नवऱ्याच्या आग्रहाखातर गेले, वाटलं डोळे मिटून संगीत ऐकवतील आणि छान छान विचार करा म्हणतील. पण तिथल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी एक फुगा काढला. आत पिंगपाँगचा चेंडू, फुगवून गाठ न मारता तोंड खाली करून धरला, चेंडू बरोबर फुग्याच्या मानेशी येऊन बसला. म्हणाल्या ही गर्भाशयाची पिशवी, ही मान म्हणजे पिशवीचं तोंड, हे बाळाचं डोकं. मग फुगा बाजूंनी दाबला, पोट टणक झालं पण मानेला काही झालं नाही, म्हणाल्या या खोट्या कळा. मग वरून दाबायला लागल्या. एकदा, दोनदा, दहादा. काहीच होईना! आम्ही सगळ्या बघतोय, एक तर म्हणाली "मॅडम, फुटेल". आणि मग दिसलं, मान उघडत नव्हती पण आखूड होत होती, आधी लांब नळीसारखी होती ती वर खेचली जाऊन पातळ झाली आणि मग कुठे तोंड हळूहळू रुंदावायला लागलं आणि चेंडूचा पांढरा गोल दिसला. सिस्टर म्हणाल्या, पहिलटकरणीचे बरेच तास हे नुसतं आखूड होण्यातच जातात, तेव्हा बाई म्हणते एवढं दुखतंय आणि काहीच होत नाहीये, पण होत असतं.

हे एक वाक्य मला नंतर किती कामाला आलं म्हणून सांगू. पहाटे दोनला कळा सुरू झाल्या, हॉस्पिटलमध्ये गेलो तर पिशवीचं तोंड दहापैकी दोनच सेंटीमीटर उघडलेलं, घरी जा म्हणाले. क्लास केला नसता तर मी तिथेच रडत बसले असते की अजून आठ बाकी! पण मला फुगा आठवला. आणि हेही सांगितलेलं होतं की जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच स्पष्ट केलंय की कळांचा खऱ्या अर्थाने जोराचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरायचा, त्याच्या आधीचा किती तास चालेल याला काही नियम नाही, आणि तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब सगळ्यांना लागू होत नाही. घरी येऊन अंघोळ केली, कुशीवर पडले, मधेमधे चक्क डुलकी लागली.

आता बर्फाचं. क्लासमध्ये प्रत्येकीच्या मुठीत बर्फाचा मोठा तुकडा दिला, एक मिनिट धरा म्हणाले. पहिल्यांदा घड्याळाकडे बघत धरला, चाळीस सेकंदांत मी टाकून दिला. मग थोडं थांबून पुन्हा, पण यावेळी घड्याळाकडे बघायचं नाही, फक्त श्वास लांब सोडत राहायचं, खांदे आणि जबडा सैल, आणि मिनिट नवरा मोजणार. पूर्ण मिनिट धरला गं. बर्फ तितकाच गार होता, दुखलंही. म्हणजे दुखणं जातं असं कोणी तुला सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

त्याच दिवशी त्यांनी ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरचं सांगितलं, 1930 च्या दशकात त्याने मांडलं की भीतीने अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं, जास्त दुखलं की अजून भीती, असं ते चक्र. यात तथ्य आहे, घाबरलं की ॲड्रेनलिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात त्याचा अडथळा येतो. पण यातूनच पुढे लोक असं बोलायला लागतात की तू घाबरलीस म्हणून तुला दुखलं, ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. दुखतं कारण पिशवीचं तोंड दहा सेंटीमीटर उघडत असतं, बाई भित्री असते म्हणून नाही!

मला सगळ्यात धीर दिला तो एका साध्या हिशोबाने. कळ साधारण मिनिटभराची, दर चार मिनिटांनी आली तर तासाला पंधरा कळा, म्हणजे दुखणं पंधरा मिनिटं आणि मधली पंचेचाळीस मिनिटं चक्क सुट्टी. व्हिडिओत ती सुट्टी कोणी दाखवत नाही ना. शेवटी शेवटी हे गणित बिघडतं हेही सांगते, दर दोन-तीन मिनिटांनी येतात, जास्त लांब असतात, तेव्हा मी "मला नाही जमणार, मी घरी जाते" असं म्हणाले होते म्हणे. पण तेही क्लासमध्ये सांगितलेलं होतं, की बाई असं म्हणायला लागली की बहुतेक वेळा थोडंच राहिलेलं असतं, त्यामुळे नवरा घाबरला नाही, उलट त्याचा चेहरा खुलला, मला तेव्हा त्याला मारावंसं वाटलं.

श्वासाचे ते वेगवेगळे प्रकार शिकवले ते सगळे विसरले, फक्त लांब सोडायचं तेवढं राहिलं.

दुपारी पाच सेंटीमीटरवर गेले, मग सहा सेंटीमीटरवर तीन तास अडकले. कळा वाढवायची ड्रिप लावली. ड्रिपच्या कळा जास्त कडक असतात (माझ्या तरी होत्या), मी एपिड्युरल मागितलं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. ते काय असतं ते माहीत होतं, पाठीत बारीक नळी घालतात, आपण पूर्ण शुद्धीवर असतो, कमरेखालचं दुखणं कमी होतं, बीपी खाली येऊ शकतं म्हणून सारखं तपासतात, जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो. माहीत असलं की मागता येतं, नाहीतर सही कुठे करायची एवढंच विचारते माणूस. पुढे दीड तास जोर लावला, टाकेही पडले. एक सिस्टर मधेच "इतकं ओरडायला काय झालं" म्हणाली, तेव्हा नवराच बोलला की ओरडू दे तिला.

हे पुढचं त्याच्यासाठी म्हणजे तुझ्या नवऱ्यासाठी लिहितेय, वाचून दाखव. कळांच्या पूर्ण काळात कोणीतरी सतत जवळ असेल तर काय होतं यावरचे 26 अभ्यास 2017 मध्ये एकत्र तपासले, पंधरा हजारांवर बायका होत्या त्यात, तर सोबत असलेल्यांच्या कळांचा काळ थोडा कमी, नॉर्मल जास्त, सिझेरियन कमी. त्याने फार काही करायचं नसतं, कंबरेवर तळहाताने दाबायचं, पाणी द्यायचं, कोणी काही करायला आलं की "हे कशासाठी" एवढं विचारायचं. आणि मोबाईल खिशात.

क्लासवर माझा एक राग मात्र आहे. सिझेरियनला त्यांनी शेवटची दहा मिनिटं दिली, तीही घाईघाईत. माझ्या शेजारी बसायची तिचं शेवटी सिझेरियन झालं, बाळाचे ठोके कमी व्हायला लागले होते, आणि ती मला फोनवर म्हणाली "मी नापास झाले गं". अशी वेळ का आणावी? तू क्लास शोधशील तेव्हा आधी विचार की ड्रिप, व्हॅक्यूम (बाळाचं डोकं ओढून घ्यायचं यंत्र), सिझेरियन हे सगळं नीट शिकवतात का, आणि पुरुषांना बसू देतात का. नुसतं सुंदर सुंदर दाखवत असतील तर दुसरा बघ.

आणि एक, तू म्हणालीस ना की भीतीमुळेच सरळ सिझेरियन मागून घेऊ का. माग की नको ते मी नाही सांगणार, ते तुझं आणि डॉक्टरांचं. पण तू दोन आठवडे झोपत नाहीयेस, तपासणीला जायचं म्हटलं की हात थरथरतात म्हणतेस, हे मला साध्या घाबरण्यापेक्षा जास्त वाटतंय. अशा टोकाच्या भीतीला टोकोफोबिया म्हणतात, आणि त्याला नुसता क्लास पुरत नाही, समुपदेशन लागतं. पुढच्या तपासणीला आधी हेच सांग, वजन-बीपी नंतर. लाजू नकोस, मी येते हवं तर बरोबर.

रक्त जायला लागलं, पाणी गेलं (त्यातही हिरवट-तपकिरी असेल तर लगेचच), किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट बघत बसायचं नाही, सरळ निघायचं, हे फ्रीजवर चिकटवून ठेव. ड्यू डेटला मात्र फार चिकटू नकोस, त्याच तारखेला येणारी बाळं फार थोडी.

उठलं बघ. शनिवारी व्हिडिओ कॉल कर, दोघंही बसा. बर्फाचा ट्रे आदल्या रात्रीच भरून ठेव. मोजायचं काम त्याचं, मी पण इकडे मुठीत धरते.

तुझी,
शमी

ता. क. ते व्हिडिओ बंद कर आधी.