करसू मंग

तीर्थरूप आई आणि नाना यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी दिवाळीत लिहायला घेतलं होतं. 'नाना, तुमच्याशी एक बोलायचं आहे' इथपर्यंत आले आणि कागद वहीत ठेवून दिला. आज होळी होऊन पाच दिवस झाले. चालढकलीवर बोलायचा मला किती अधिकार आहे ते तुम्हाला यावरूनच कळलं असेल. आई हसली असेल. नाना हसले नसतील.

परवा फोनवर मी सातबाऱ्यावर अजून आप्पांचंच नाव आहे त्याचं विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "करसू ना मंग, काय घाई शे?" नाना, तुम्ही एरवी माझ्याशी साधं मराठी बोलता. विषय टाळायचा असला की अहिराणीत शिरता. मी फोन ठेवला तेव्हा चिडले होते. रात्री आठवलं, मी तरी काय वेगळं करत होते?

माझ्या प्रबंधाचं खरं तुम्हाला कधी सांगितलं नाही, 'चाललंय' एवढंच सांगत आले. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मार्गदर्शक सरांनी तिसऱ्या प्रकरणावर शेरे मारून मेल पाठवला आणि तो मी सात महिने उघडला नाही. यादीत तो जाड अक्षरांत दिसायचा. मी त्याच्या वरचा वाचायचे, खालचा वाचायचे. कॉलेजात सर समोरून येताना दिसले की मागच्या जिन्याने उतरायचे. आई, तू त्या पावसाळ्यात आली होतीस तेव्हा माझे स्वयंपाकघरातले डबे बघून जावयाचं कौतुक केलंस ना? ते डबे मी घासायचे. रात्री दहाला, लिहायला बसायची वेळ झाली की.

नाना, दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला रोज आळशी म्हणायचात. मीही स्वतःला तेच म्हणत होते. पण आळशी माणूस रात्री दहाला डबे घासत नाही. तो लोळतो आणि लोळून त्याला बरं वाटतं. मला तर एक मिनिट बरं वाटत नव्हतं.

मग शिक्षकाच्या खोडीप्रमाणे मी या विषयावर वाचत सुटले (हीसुद्धा प्रबंध टाळण्याचीच एक तऱ्हा, पण ही कामी आली). फ्यूशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलंय की चालढकलीचं मूळ घड्याळात कमी आणि मनःस्थितीत जास्त असतं. काम समोर आलं की पोटात काहीतरी होतं. भीती, लाज, कंटाळा, काहीही. काम पुढे ढकललं की ते तेवढ्यापुरतं थांबतं. हा आराम ताबडतोब मिळतो, म्हणून त्याची चटक लागते. भुर्दंड भरायचा असतो तो पुढच्या महिन्यातल्या आपल्याला, आणि ती बाई आपल्याला कुणीतरी परकी वाटते.

मी स्वतःला शिव्या घालत होते त्याचाही उपयोग उलटाच. कॅनडात कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर २०१० मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी टाळाटाळ कमी केली. ज्याच्यावरून मार खाल्ला त्याच्याकडे परत कोण जाईल? बैलसुद्धा जात नाही.

शेवटी जानेवारीत एका शनिवारी ठरवलं: चहाचा कप टेबलावर ठेवला की मेल उघडायचा. वाचायचा नाही, उघडायचा. अमुक झालं की तमुक करायचं अशी गाठ आधीच मारून ठेवली तर काम हातून होण्याची शक्यता वाढते, असं पीटर गोल्विट्झर या जर्मन माणसाने १९९९ मध्ये लिहिलंय. मेल उघडला. अकरा शेरे होते, त्यातले सहा तळटिपांबद्दल. एक मात्र झोंबणारा होता, एक अख्खा भाग गाळायला सांगितला होता. सात महिने ज्याची धास्ती घेतली तो भाग गाळायला दोन संध्याकाळी लागल्या.

आता तुमचं. रात्रीची लाईट दोनला यायची तेव्हा तुम्ही दीडलाच बॅटरी घेऊन उठलेले असायचात. केळीची पिलं कापायची असोत की घडाखालचं कमळ तोडायचं असो, तुमचा दिवस चुकला असं मला आठवत नाही. मला वाटायचं, हा माणूस वेगळ्याच मातीचा आहे. आता वाटतं, शेताने तुम्हाला 'मन आहे का' असं विचारलंच नाही कधी. लाईट तिच्या वेळेला जाणार, व्यापाऱ्याची गाडी सकाळी बांधावर उभी राहणार. पाणी चुकलं तर पानच सांगतं. कागद सुकत नाही. पेटीतला कागद पाच वर्षांनीही तसाच दिसतो.

आणि शेतातही एकदा तुम्ही माझ्यासारखेच वागलात. आठवतो का २०१७ चा कापूस? गुलाबी बोंडअळीने बोंडं किडली होती, डिसेंबरात शेत मोकळं करा म्हणून कृषी खात्याचे लोक सांगत होते आणि तुम्ही फेब्रुवारीपर्यंत तीच झाडं उभी ठेवून फरदड घेतलीत. 'अजून दोन वेचण्या निघतील.' निघालं ते किडकं, वर अळीला आयतं घर मिळालं. तेव्हा मी त्याला लोभ समजले होते. आता कळतं की पऱ्हाट्या उपटल्या असत्या तर वर्ष बुडालं हे त्याच दिवशी कबूल करावं लागलं असतं.

सातबाऱ्याचंही असंच आहे असं मला वाटतं. आप्पांना जाऊन पाच वर्षं झाली. कायद्याने वारसाची खबर तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दर वर्षी पीककर्जाच्या आणि केळीच्या विम्याच्या वेळी तुम्हीच हेलपाटे घालता. मग अडतं कुठे? मी तो अर्जाचा नमुना वाचला. त्यात लिहिलंय, 'मयताचे नाव कमी करून.' ते वाचून मीच पाच मिनिटं गप्प बसले. तुम्ही आप्पांचं नाव स्वतःच्या सहीने कमी करणार, हे कसं जमावं?

दुसरी भीती आत्यांची असणार. 'जमिनीचा विषय काढला तर बहिणींना काय वाटेल.' नाना, आप्पांच्या लेकी म्हणून दोन्ही आत्यांची नावं लागणारच, आणि लागायलाच हवीत. हक्कसोडचं त्यांच्या मनात असेल तर त्या नंतर बघतील. मोठ्या आत्यांनी मला आखाजीला विचारलं होतं, "अजून आप्पाच का सातबाऱ्यावर?" त्या वाट बघताहेत. भांडायची नाही, तुम्ही विषय काढायची.

आई, तुझं निराळं आहे. तुला मी या चालढकलीच्या माळेत ओवणार नाही. गेल्या उन्हाळ्यात तू ज्वारीचे बिबडे घातले नाहीस, कुरडया नाहीत, शेजारच्या काकू बोलवायला आल्या तरी गेली नाहीस. म्हणालीस, "कशातच जीव लागत नाही." मी काय म्हणाले? "मन रमव." मला आता त्याची लाज वाटते. जे काम टाळतं त्याला ते काम खुपत असतं. तुला तर काही खुपतही नाहीये, तू जेवतेसही कमी आणि पहाटे तीनला उठून बसतेस. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर डॉक्टरला सांगायचंच असतं. थायरॉईड कमी असलं, बी-१२ कमी असलं, अंगात रक्त कमी असलं तरी माणूस असं होतं. नैराश्य असलं तरी होतं, आणि त्यालाही औषध आहे. 'मी काय वेडी झाले का' असं म्हणू नकोस. गुडघ्याला डॉक्टर चालतो ना तुला?

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी येतेय. जळगावला उतरून सकाळच्या एसटीने चोपडा, तिथून पुढे. चार दिवसांची रजा टाकलीय. आईचं रक्त तपासायला चोपड्याला जाऊ, त्याचा नंबर मी इथूनच लावलाय, म्हणजे 'बघू'ला जागा नाही.

नाना, तुमच्यासाठी एवढंच: सकाळचा चहा झाला की पत्र्याची पेटी खाटेवर आणायची आणि उघडायची. आप्पांचा मृत्यूचा दाखला सापडला तर वर ठेवायचा. त्या दिवशी अर्ज भरायचा नाही, कुणाला फोन नाही. दुसऱ्या दिवशी आत्यांना फोन मी लावून देईन, बोलायचं तुम्ही. अर्ज तिसऱ्या दिवशी. पुढे नोटिशीचे पंधरा दिवस असतातच, तेवढ्यात मन तयार होतं.

आणि आई, बिबड्यांची ज्वारी तीन दिवस भिजायला लागते, म्हणून मी यायच्या आधी तुला ती भिजत घालावी लागेल. पायलीभर नको, एक शेर बास. काकूंना मी फोन केलाय, त्या घाटा ढवळायला येतील. चादर मी पसरते, तू नुसती खाटेवर बसून सांग. ऊन लागलं, कंटाळा आला, बिबडे घालायचे राहिले, तर राहू दे. गरम घाट्यावर तेल ओतून सगळे खाऊन टाकू. तेल मात्र घरच्या शेंगदाण्याचं काढून ठेव, इथलं मला चालत नाही.

तुमची,
बेबी